चेतनाची रजई

"होस्टेल म्हणजे खाट-गादी आलीच! मला नको शिकवूस," असं खेकसून श्रीरंगांनी मुलीच्या बॅगेतून रजई काढली आणि तिथं कुकर कोंबला. खोली पूर्ण रिकामी मिळेल, असं फिनलंडच्या विद्यापीठानं कळवलं होतं. पण केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मभर बदल्या झेललेल्या माणसाला कोण समजावणार?

आता दिल्लीत, द्वारकेच्या घरात, सोफ्यावरच्या त्या रजईशेजारी ते फोन हातात घेऊन ताटकळत होते. डोक्यावरून विमान गेलं की दचकत होते. अखेर व्हिडिओ कॉल आला.

"पोचले, बाबा. खोली बिल्कुल मस्त आहे," चेतना म्हणाली. अंगात अजून कोट होता.

"खाट आहे?"

"आहे ना!"

तेवढ्यात तिचा फोन कलला. श्रीरंगांना उघडी जमीन दिसली आणि तिच्यावर मधोमध एकटा कुकर.