दूध कट्ट्यावरचा ऑफसाइड

काल ऑफिसात वाद रंगला, तेव्हा साहेब म्हणाले, "लेट्स अ‍ॅग्री टू डिसअ‍ॅग्री," आणि सगळे मुकाट उठले. मला काही ते गोड वाटलं नाही. घरी येताना मंगळवार पेठेत वैरणीचा आणि ताज्या धारेच्या दुधाचा वास आला आणि माझे वडील, आबा, आठवले.

आबा आणि त्यांचे मित्र अण्णा रोज संध्याकाळी तिथल्या दूध कट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोरच पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचे आणि पेठेच्या फुटबॉल टीमनं कधीकाळी मारलेल्या एकाच गोलवरून भांडायचे. आबा म्हणायचे गोल, अण्णा म्हणायचे ऑफसाइड. आवाज असा, की म्हशी रवंथ थांबवून बघायच्या.

मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागलेली. ऐटीत त्यांना हेच इंग्रजी वाक्य ऐकवलं आणि अर्थही सांगितला, "आबांचं मत आबांकडं, अण्णांचं अण्णांकडं. वाद बंद, दोस्ती तशीच."

मिशीवरचा फेस पुसत अण्णांनी विचार केला. "बरं हाय की. पर मग उद्या हितं यायचं कशाला?"

आबांचा चेहरा उतरला. घाईघाईनं ग्लास खाली ठेवत ते म्हणाले, "गोलच हुता त्यो."

"ऑफसाइड," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खुशीत आणखी दोन ग्लास सांगितले.