पडद्यावरचा मांत्रिक

सिंगारम जंगय्याने मद्रासच्या स्टुडिओत बावीस वर्षं तेलुगू भुताखेतांच्या सिनेमांत काम केलं, आणि दर वेळी मांत्रिकच केला. कवट्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात लिंबू आणि शेवटी देवीच्या त्रिशूळाने मरण. मंत्र लिहायला कुणी नसे, म्हणून हा मद्रासहून सुटणाऱ्या गाडीची स्टेशनं घोगऱ्या आवाजात म्हणायचा. थिएटरात बायका पदरात तोंड लपवायच्या. म्हातारपणी तो मेदककडच्या आपल्या गावी परतला, तर लोक भररस्त्यात पाया पडायचे आणि पुढे जाऊन थू थू करायचे. असलं ते गाव. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथल्या लोकांनी तो बोलावून घरी ठेवला होता.

पोचम्मा देवीच्या जत्रेत तंबूत त्याचा जुना सिनेमा लागला. आठ दिवसांत बुच्चिरेड्डी पटेलाची सून केस सोडून घुमायला लागली. सिनेमावाल्यांनी भूत गावातून नेलं होतं, गावाने ते तिकीट काढून परत आणलं. पण सगळे म्हणाले, भानामती! आणि ती केली नर्सव्वाने. नर्सव्वा विधवा, ना मुलगा ना दीर. असल्यांनाच कशी कोण जाणे, भानामती येते. करणी करणाऱ्याचे दात पाडायचे, म्हणजे मंत्राचा उच्चार होत नाही, ही तिथली रीत. भरदुपारी चावडीसमोरच्या कडुनिंबाला म्हातारीला बांधलं, पकड आणली, आणि खात्री करायला जाणकार म्हणून जंगय्याला बोलावलं.

सून घुमत होती. डावीकडे तीन हिसडे, मग किंकाळी. जंगय्याला हसू आवरेना.

"पटेल, हे सिनेमातलं आहे हो! कॅमेरा डावीकडे होता, म्हणून नटी तिकडे मान झटकायची. पोरीला चार दिवस माहेरी धाडा."

"आणि तुमचे मंत्र? तेही खोटेच?" पटेलाने विचारलं.

"स्टेशनांची नावं ती, बाबांनो! गूडूर, नेल्लूर, ओंगोल..."

मंत्र ऐकून सगळी गर्दी दोन पावलं मागे सरली.

पटेलाने खूण केली. पकड नर्सव्वाच्या तोंडाशी गेली, ती गुरासारखी हंबरली. जंगय्याला त्या माणसांची शिसारी आली. पडद्यावरच्या लिंबाला घाबरणारे हे वाघ, बांधलेल्या म्हातारीपुढे केवढे शूर!

"सोडा तिला!" तो गरजला. "भानामती मी केली. या, हात लावून बघा मला!"

त्याला वाटलं, पळतील. मांत्रिकाला हात लावायची छाती कुणाची? पण या मांत्रिकाला मरताना त्यांनी बावीस वर्षं पाहिलं होतं. चौघांनी त्याला धरलं. पुढचे पाच दात गेले.

सुनेचं घुमणं त्याच संध्याकाळी थांबलं, म्हणजे गावाला पुरावाही मिळाला. नर्सव्वा सुटली. दुसऱ्या दिवशी जंगय्या तोंडाला रक्ताळलेला पंचा लावून ओसरीवर बसला होता. ती येताना दिसली. त्याला वाटलं, गाडगंभर अंबील आणली असेल बिचारीने.

ती अंगणाबाहेरच थांबली.

"तरीच!" ती ओरडली. "तरीच संक्रांतीला माझी शेळी मेली, मुडद्या!"

आणि त्याच्या दारावर थुंकून ती चालती झाली.