बाबांची बिडी

"बिडी? पितो नं जी. पोट्टा होतो तेव्हापासून पितो."

हिरव्या पडद्यापलीकडून बाबांचा आवाज आला. रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्या दवाखान्यात तपासायचं टेबल आणि बसायचा बाक यांच्यामध्ये तेवढा एक पडदाच होता. बाकावर आई, काका आणि मी. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली आपल्या चपलांवर नेली. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, शर्टाच्या खिशावर हात ठेवला. बिड्यांचं बंडल त्यांच्या खिशात होतं. बाबांनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. काका दारात ओढायला बसले की ते ओरडत, "धुरांड्या, तिकडे नालीवर जाऊन बस."

"आणि काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कारखान्यात आहो." बाबा दम घ्यायला थांबले. "गेटवर बसतो. हाजरी घेतो लोकायची."

हेही खोटं होतं. बाबा भनपुरीच्या कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्ट्यांना अस्तर लावायचे. भट्टीला आतून पांढऱ्या दगडाच्या भुकटीचा जाड थर असतो. वितळलेल्या लोखंडानं तो झिजतो. मग माणूस आत उतरतो, जुना थर फोडून काढतो, नवी कोरडी भुकटी ओततो आणि ठोकून ठोकून घट्ट बसवतो. तोंडाला फक्त गमछा. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं ते पीठगिरणीत काम करतात. शाळेत कोणी विचारलं तर मी 'स्टील' एवढंच म्हणायची आणि विषय तिथेच संपायचा.

ते भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून एकटे आले होते. सुरुवातीला भनपुरीतच ट्रकांच्या आडोशाला झोपायचे. मग ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्या घेतल्या, आईला आणलं. मग काका आले, मग मामा, मग गावातली माणसं एकेक करून. सगळे आधी आमच्या खोल्यांत उतरायचे आणि बाबांच्या हाताखाली अस्तराचं काम शिकायचे. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. मंत्र्यांचे बंगले, पूल, नवी नवी ऑफिसं, सगळ्याला सळ्या लागत होत्या. भट्ट्या थंड व्हायलाही वेळ मिळेना. पूर्वी अस्तर निवू द्यायचे, आता गरम असतानाच फोडायला उतरवायचे.

तरीही शेवटचा माणूस पाळीवरून येईपर्यंत बाबा जेवायला बसत नसत. मग सगळे ओळीनं बसायचे आणि काकांना मी सापडायची. "मॅडम, भात वाढू का राइस?" मी हिंदीत काहीतरी पुटपुटायची. घरातली मराठी मला सगळी समजायची, पण तोंडातून हिंदी यायची, आणि परक्या माणसासमोर तीही यायची नाही. "तिले नको छेडू," बाबा म्हणायचे. "ते मनातल्या मनात इंग्रजी बोलून राहिली." त्यावर सगळ्यांत जास्त तेच हसायचे.

घराबाहेर मात्र बोलणार ते एकटेच. माझ्या शाळेत, घरमालकाशी, ठेकेदाराशी, सगळ्यांच्या वतीनं बाबाच बोलायचे. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. मला तर बरंच वाटायचं.

खोकला आला तेव्हा त्यांनी तो महिनोन्‌महिने कोणाला जाणवू दिला नाही. आम्ही झोपलो की ते उशा रचून बसल्या बसल्या डोळे मिटायचे. मग वजन उतरलं. सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या. त्या पूर्ण घेतल्या, फरक पडला नाही. ब्राह्मणपाऱ्याच्या चढावर सायकल हातात धरून चालायला लागले. तेव्हा आईनं हे डॉक्टर शोधले, आपल्यातलेच, मराठी.

निघायच्या आधी बाबांनी आम्हाला खोलीत उभं केलं होतं. "डॉक्टरपुढे भट्टीचं नाव काढायचं नाही."

"काहून पण?" आईनं विचारलं.

"तुले माहीत नाही का काहून?"

आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. शेजारच्या कारखान्यात अस्तर लावणाऱ्या एकानं डॉक्टरला भुकटीचं सांगितलं होतं. त्याची छाती त्या भुकटीनं गेली असं निघालं. गोष्ट ठेकेदाराच्या कानावर गेली आणि त्यानं त्या माणसाबरोबर त्याची सगळी टोळीच काढून टाकली. बीमार लोग नहीं चाहिए, म्हणाला. बाबांच्या टोळीत काका होते, मामा होते, आणि ज्यांच्या बायका-पोरं आता इथेच राहत होती असे गावचे सगळे होते. बाबांनी एकेकाला बोलावून आणलं होतं. आपल्या छातीपायी ते घरी बसतील, हे त्यांना सहन होणार नव्हतं.

पडद्यामागे फिल्म कडकड वाजली. डॉक्टर ती उजेडासमोर धरत असावेत.

"दोन्ही फुप्फुसांवर डाग आहेत. नुसत्या बिडीनं असे डाग येत नाहीत सहसा. धुळीत काम केलंय का कधी? दगड फोडणं, खाण, असं काही?"

"नाही जी."

"नक्की?"

"गेटवर कायची धूळ?" बाबा हसायला गेले आणि खोकला सुरू झाला. तो लवकर थांबेना. आमच्या बाकावर काकांनीही रुमाल तोंडावर दाबला. त्यांच्या पाठीला तसाच हिसका बसला, रुमालाआडून लहान आवाज आला. काकांनी आवाज गिळला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. बिडीचा खोकला मला ओळखू येत होता, तो त्यांना कधीचाच होता. हा वेगळा होता.

पडदा सरकला. बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. गळ्याखालची हाडं वर आली होती. चेहऱ्यावर मात्र काम फत्ते झाल्याचं समाधान.

"बिडी पूर्ण बंद," डॉक्टर सांगत होते. "तोंडानं औषध ओढायचा पंप देतो. आठवडाभर आराम करा, मग जा कामावर. बसायचंच काम आहे, हरकत नाही. वहिनी, घरात बिडी येऊ देऊ नका."

"हव जी," आई म्हणाली. तिच्या हातातला पदर पिळून दोरीसारखा झाला होता.

"सोडतो साहेब. आजच सोडतो," बाबा म्हणाले. मग काकांकडे वळून, "चाल रे. उद्या दोन नंबरची भट्टी..." आणि चटकन थांबले. डॉक्टर लिहीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. आठवडाभराचा आरामही बाबा घेणार नव्हते. उद्या ते आणि काका दोघेही आत उतरणार होते.

डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "तू शिकतेस ना? औषधं तू सांभाळ. आणखी काही विचारायचंय?"

"ते नाही बोलत जी," बाबा म्हणाले. "लाजते." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मला दाराकडे हलकेच वळवू लागला.

मी वळले नाही. हिंदी आठवली नाही, इंग्रजी तर नाहीच.

"बाबा बिडी पीत नाहीत," मी म्हणाले. "ते भट्टीत उतरून पांढरी भुकटी ठोकतात. काका पण ठोकतात. काकांची पण छाती पाहा."