पॅटरसनची एगलेस खीर

न्यू जर्सीतल्या पॅटरसनला जायचं ठरलं ते केतकीच्या आईमुळे. काकू पुण्याहून आल्या होत्या, पुढच्या आठवड्यात परत जाणार होत्या आणि आमच्या लग्नाला अजून हो म्हणाल्या नव्हत्या. नाहीही म्हणाल्या नव्हत्या. मी नागपूरचा, बौद्ध, रविवारी चिकन लागणारा. त्यांच्या घरात अंडंही येत नाही. न्यूयॉर्क पाहून झालं होतं. "ते तुर्की दुकानांचं गाव म्हणता ना, ते दाखवा," म्हणाल्या.

केतकीच्या घरून, म्हणजे हर्नडनहून, पहाटेच निघा, नाहीतर बाल्टिमोरच्या ट्रॅफिकमध्येच निम्मा जीव जातो. आम्ही अर्थातच उशिरा निघालो. टोलचा पास गाडीत हवाच, वाटेत सारखा लागतो. डेलावेअरच्या रेस्ट एरियात काकूंच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बोलणं हवेबद्दल झालं, मग दशम्यांबद्दल, मग परत हवेबद्दल.

पॅटरसनच्या मेन स्ट्रीटवर दक्षिणेकडे गेलात की पाट्यांची भाषाच बदलते. गरम पाव, पिस्ते, कॉफी, सगळ्यांचा मिळून एक वास येतो. एका मिठाईच्या दुकानात काचेमागे पांढरीशुभ्र, दुमडलेली, वर दालचिनी भुरभुरलेली वडी दिसली आणि काकू थबकल्या.

"अगं, हा तर खरवस!"

केतकीने मालकीणबाईंना विचारलं, "एगलेस आहे का?"

"अंडं अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "दूध आहे, साखर आहे, तांदळाचं पीठ आहे. घट्ट खीरच म्हणा." आणि बशा भरायला वळल्या. इथल्या आपल्या शाकाहारी मंडळींची ही सवयच आहे. गोड दिसलं की अंड्याचं विचारायचं. आणखी काही विचारावं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

केतकी पार्किंगच्या मीटरमध्ये पैसे टाकायला गेली. काकूंनी पहिला घास घेतला. "काय सुंदर आहे रे! खरवसापेक्षा मऊ." इतक्या मोकळेपणाने त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मीही चमचा तोंडात घातला. चव दुधाची, पण जिभेला बारीक बारीक धागे लागत होते. मी उठून बाईंना विचारलं, हे धागे कसले?

"कोंबडीच्या छातीचे," त्या अभिमानाने म्हणाल्या. मांस उकडायचं, धुवायचं, केसासारखं बारीक सोडवायचं आणि दुधात शिजवायचं. "माझा नवरा तुर्की असून याला हात लावत नाही. मी रोज खाते. आमच्या घरात यावरून भांडणं होतात!"

काकूंना त्यांचं इंग्रजी कळलं नव्हतं. "काय म्हणाली रे ती?" पुढचा चमचा भरलेला होता. माझी तंतरली. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं?

"काकू, थांबा. यात चिकन आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. बशीकडे बघतच राहिल्या. "चिकन? गोडात?"

"हो."

"मग तू का खात नाहीयेस?"

खरंच की. माझा चमचा पहिल्या घासानंतर बशीतच पडून होता. "मला नाही जात, काकू."

"पण तू तर खातोस ना?"

"खातो. पण दुधात साखर घालून नाही."

"आणि मला आवडलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

केतकी परत आली. "काय झालं यार? चेहरे असे का?" सांगितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे, पण मी एगलेस विचारलं होतं ना!"

काकूंनी बाटलीभर पाण्याने चुळा भरल्या, पर्समधली लवंग तोंडात टाकली आणि गाडीत मागे बसल्या. अख्खं न्यू जर्सी संपेपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मी मनातून पार खचलो होतो. माझं काय चुकलं, इथे आणलं ते की सांगितलं ते, हेही कळत नव्हतं.

हर्नडनला पोचल्यावर काकूंनी आधी आंघोळ केली, मग पुण्याला बहिणीला फोन लावला. "दुधाचं काहीतरी होतं. छान होतं गं," म्हणाल्या, आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलं. चिकनचं नावही काढलं नाही. त्या नजरेचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही. ती खीर खावी की खाऊ नये, हेही तुम्हाला सांगता येत नाही. पॅटरसनला मात्र जाच.

मी बूट घालून निघालो तेव्हा काकू दारापर्यंत आल्या.

"सुमेध, तुझ्या आईला गोडात काय आवडतं?"

"का हो काकू?"

"नागपूरला जाईन ना भेटायला. रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

"विचारून सांगतो," म्हणालो.

"नीट विचार हो," काकू म्हणाल्या. "आज केतकीने विचारलं तसं नको."