उष्टी हवा

ओव्हरटेकिंगचं शास्त्र आमच्या साडभाऊंइतकं कळणारा आणि आयुष्यात कुणालाही ओव्हरटेक न केलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली, म्हणून ते माझे साडभाऊ. एरवी अर्जुनी मोरगावकडच्या एका गावात चार एकर धान आणि एक जुना ट्रॅक्टर हे त्यांचं राज्य. टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की कोण जिंकतं याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. यंदा नियमानं गाडीचा मागचा पंख किती आखूड झाला, टायर किती अरुंद झाले, आणि त्यामुळे मागच्याला पुढे जाता येईल का, एवढंच ते बघतात. पुढची गाडी हवा घुसळून टाकते आणि त्या हवेत मागच्या गाडीची पकड सुटते. या घुसळलेल्या हवेला ते ‘उष्टी हवा’ म्हणतात. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाचं उष्टं खाल्लेलं नाही. नातवानं तो नेम हवेलाही लावला. एकदा त्यांच्या गाडीतून आम्ही गोंदियाला लग्नाला निघालो, तर तांदळाच्या ट्रकमागे शंभर पावलं अंतर राखून ते शेवटपर्यंत अदबीनं आले. पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती.

उन्हाळ्यात गावची बोडी, म्हणजे लहानसं तळं, आटली की तिच्या कोरड्या तळात ट्रॅक्टरांची शर्यत होते. मागचे सगळे फुफाटा खात राहतात, म्हणून पहिल्या वळणावर जो पुढे तोच शेवटपर्यंत पुढे, आणि लोक दुसऱ्या फेरीलाच घराकडे. शर्यत भरवणाऱ्या मंडळानं हे दुखणं साडभाऊंकडे आणलं. "मागच्यानं पुढच्याचं उष्टं कायले खावं?" असं म्हणून त्यांनी तीन दिवस वही भरली आणि त्यातून एकच नियम काढला. मागचा ट्रॅक्टर वीस पावलांच्या आत आला की पंचानं पांढरं निशाण उचलायचं, आणि पुढच्यानं आतली वाट सोडायची. पंच अर्थात तेच. नेमकं त्याच वर्षी त्यांच्या मुलीनं शर्यतीत नाव दिलं. "बाप कायचं निशान उचलते आता," असं लोक बोलू लागले, आणि ते त्यांच्या कानावर गेलं.

शेवटच्या फेरीत मुलगी पुढे होती आणि तिच्यामागे राईस मिलवाल्याचा नवा ट्रॅक्टर. मी साडभाऊंच्या शेजारीच उभा होतो. धुळीत धड काही दिसत नव्हतं. त्यांनी निशाण उचललं. तिनं मुकाट वाट सोडली. बोडीच्या पाळीवरचे लोक पहिल्यांदाच शेवटच्या फेरीला उभे राहून ओरडत होते, आणि ती दुसरी आली.

खाली उतरून तिनं विचारलं, "बाबा, वीसच्या अंदर होता का तो?"

"एकोणवीस," ते म्हणाले. तिनं मान हलवली आणि ट्रॅक्टर घेऊन घरी गेली.

आम्ही दोघे पायी निघालो. मला त्यांचा राग आला होता. वाटेत ते म्हणाले, "साडभाऊ, तुमाले किती दिसले?"

"एकोणवीसच," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मला पंचवीस दिसली होती. हे मी अजून माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही.