नद्या अण्णांच्या, गावं माझी

तीन-चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलावर वाकून काम करायला लागली, की किस्से साठतातच. त्यात त्यांना एकमेकांचं बरं बघवत नसेल, तर विचारूच नका! आमचा बेळगावचा नकाशे काढायचा सेक्शन असाच होता. सरकारी ऑफिसच्या मागच्या अंगाला लांबडी खोली, उतरती टेबलं, शाईचा वास, आणि जळणारी पोटं!

हेड ड्राफ्ट्समन भरमाण्णा. सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. जिल्ह्यातल्या नद्या-ओढे अण्णांसारखे कुणाला जमायचे नाहीत. पण त्यांचं ट्रेसिंग, म्हणजे आरपार दिसणारा तो कागद, कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली करदोट्याला!

एकदा शेजारच्या ऑफिसातला इंजिनिअर नद्यांची कॉपी मागायला आला.

अण्णा म्हणाले, "मिळणार न्हाय. नद्या माझ्या हायत."

"अहो, मला नुसती मलप्रभा पाहिजे."

"मलप्रभाबी माझीच!"

बिचाऱ्यानं आपल्या माणसाकडून तीच नदी नव्यानं काढून घेतली. ती खानापूरजवळ भलतीकडंच वळली. अण्णांनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

*

मग निपाणीचा यशवंत आला. आई विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. पोरगं डिप्लोमा करून ट्रेसर म्हणून लागलेलं. त्यानं आल्या आल्या बघितलं, की शाळांचा नकाशा मागितला तरी आम्ही नदी, रस्ते, गावं सगळं पहिल्यापासून काढतो. दवाखान्यांचा मागितला, की परत पहिल्यापासून!

"हे एकदाच काढूया की," तो म्हणाला. "नद्या एका ट्रेसिंगवर, रस्ते दुसऱ्यावर, गावं तिसऱ्यावर. चारी कोपऱ्यांत फुल्या मारायच्या. फुलीवर फुली बसली की झाला नकाशा. पायजे ते ठेवायचं, नको ते काढायचं. दुसऱ्या ऑफिसालाबी देता येतंय."

अण्णा म्हणाले, "म्हंजे आमी काढायचं, आन् तू रचायचंस व्हय रं?"

पण साहेबांना पटलं. नद्या अण्णांच्या, रस्ते यशवंतचे, गावं माझी. मी खानापूरकडचा शेतकऱ्याचा पोरगा, अक्षरावरच नोकरी लागलेली.

कुठल्याशा दौऱ्यासाठी साहेबांनी सकाळी नकाशा मागितला. एरवी आठवडा गेला असता. यशवंतनं दुपारच्या चहाआधी टेबलावर ठेवला! साहेब धारवाडकडचे, त्यांनी कानडीत त्याची पाठ थोपटली, "भाळ छलो!"

अण्णांनी त्या दिवशी डबाच उघडला नाही. मी उघडला, पण भाकरी परत फडक्यात गुंडाळून ठेवली. नकाशावरचं एकूण एक अक्षर माझं, आणि पाठ त्याची!

*

अण्णांनी मग युक्ती केली. नद्यांचं ट्रेसिंग मागितल्याबरोबर काढून दिलं. इतक्या गोड आवाजात दिलं, की मलाच संशय आला. कोपऱ्यातल्या फुल्या ब्लेडनं खरवडून, जरा बाजूला नव्या मारल्या होत्या!

यशवंत रजेवर होता. घाईत दुसऱ्या कुणीतरी फुलीवर फुली बसवली आणि प्रिंट साहेबांकडं गेली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वेदगंगा निपाणीच्या बसस्टँडवरनं वाहत होती!

दुसऱ्या दिवशी यशवंतला बोलावणं आलं. "काय हो, तुमच्या निपाणीला पूर आलाय काय?"

यशवंतनं फुल्या निरखून बघितल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

"न्हाय साहेब," यशवंत शांतपणे म्हणाला, "आमच्या अण्णांस्नी राग आलाय."

*

एकदा यशवंतची आई ऑफिस बघायला आली. निपाणीहून पहिल्या एस्टीनं. इरकली लुगडं, हातात लाडवांचा डबा. आपल्या लेकाचा नकाशा तिला बघायचा होता. साहेबसुद्धा केबिनमधून बाहेर आले. माझी आई एवढ्या जवळ राहून कधी ऑफिसात आली नव्हती. मी तिला कधी बोलावलंच नव्हतं. तेही मला त्या दिवशीच टोचलं.

यशवंतनं एकेक कागद उचलून दाखवला. "ह्या नद्या अण्णांच्या. ही गावं ह्यांनी लिहिली," त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. "हे रस्ते माझे. एकावर एक ठेवलं, की झालं."

म्हातारीनं नीट बघितलं. मग म्हणाली, "नदी ह्यांची, गावं त्यांची. आन् रस्ता तर लोकांनी चालून चालून पाडलाय. मग सगळं कौतिक तुझ्या एकट्याचं कशापायी रं?"

अण्णा उठले, आपली खुर्ची ओढून तिच्याजवळ नेली आणि म्हणाले, "आक्का, बसा. दमला असशीला."

*

ऐंशी सालानंतर कॉम्प्युटर येणार अशी हूल उठली. ट्रेनिंगला एकालाच बेंगळूरला पाठवणार होते. मी पँट शिवून घेतली. अण्णांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. यादी आली, यशवंत!

घरी बायको म्हणाली, "पँट कशाला वाया घालवायची? त्यालाच द्या की!"

कॉम्प्युटर आला, आणि यशवंतही परत आला तो प्रोग्रॅम लिहायला शिकून. तेही तुकड्या-तुकड्यांनी. एक तुकडा रेघ काढायचा, एक ठिपके मारायचा, एक नावं लिहायचा. धारवाडच्या ऑफिसला फक्त नावं लिहायचा तुकडा पाहिजे होता. यानं फ्लॉपीवर घालून देऊन टाकला!

अण्णांना राहवेना. "अरं, दिऊन टाकल्यावर आपल्याकडं काय ऱ्हायलं?"

"आपला आपल्याकडं हाय की, अण्णा."

"मग त्यांच्याकडं काय गेलं?"

"तोच."

अण्णांनी मशीनला मागनं-पुढनं वाकून बघितलं. शेवटी म्हणाले, "आपल्याकडचं काय कमीच झालं न्हाय, तर तू दिलंस म्हंजे काय दिलंस?"

यशवंत डोकं खाजवायला लागला. त्याला असं अडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मस्त वाटलं!

*

आता शेवटचा किस्सा.

सगळी ट्रेसिंगं कॉम्प्युटरवर चढवायला बेंगळूरला जाणार, असं ठरलं. नद्या आता सगळ्यांना मिळणार, आणि त्यावर अण्णांचं नाव कुठंच नसणार. पाठवायच्या आदल्या दिवशी अण्णांनी कपाट उघडलं. मग खानापूरच्या रानातल्या एका बिननावाच्या ओढ्याला लागून त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'भरमाण्णा'.

बेंगळूरच्या ऑपरेटरला वाटलं, ओढ्याचंच नाव. त्यानं टाईप केलं. तिथनं ते ज्या ज्या ऑफिसनं नद्या मागितल्या, त्या त्या ऑफिसात गेलं. जंगलवाल्यांकडं, रस्तेवाल्यांकडं, सगळीकडं.

काही वर्षांनी एक तरुण इंजिनिअर फाईल घेऊन आमच्याकडं आला. "भरमाण्णा नाल्यावर बंधारा मंजूर झालाय. जागा कुठं आली?"

आम्ही सगळे अण्णांकडं बघायला लागलो. अण्णांच्या कपाळावर घाम! पण आवाज खणखणीत. "चला, मी दावतो."

बंधारा झाला. पाणी अडलं. उद्‌घाटनाला अण्णा, यशवंत आणि मी, तिघंही गेलो. तोवर अण्णा रिटायर झाले होते. बंधाऱ्यावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत हे एवढं नाव, 'भरमाण्णा नाला'! कन्नडमध्येही, मराठीतही. माझ्या हातून जिल्ह्यातली सगळी गावं लिहून झाली, पण माझ्या नावाचं साधं डबकंसुद्धा कुठं नाही! मला ती पाटी बघवेना.

अण्णांची जिरवावी म्हणून मी तिथल्या एका म्हाताऱ्याला मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "आजोबा, ह्यो भरमाण्णा कोण वो?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"भरमाण्णा म्हाईत न्हाय? लई मोठा सत्पुरुष! माझ्या आज्यानं डोळ्यांनी बघितलाय. जे असंल ते लोकास्नी वाटून टाकायचा!"

यशवंतनं हसू दाबायला तोंड फिरवलं. मी अण्णांकडं बघितलं.

अण्णांनी चपला काढून ठेवल्या होत्या, आणि डोळे मिटून पाण्याला हात जोडले होते.