पायाळूची कंबर

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या कमरेचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, मग मला टेबलावर उताणं निजवलं आणि म्हणाले, "गुरुजी, उजव्या पायाचा अंगठा वर करा." मी केला. ते वाट बघत राहिले. "करा ना," ते पुन्हा म्हणाले. "केला की," मी म्हणालो. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोने, भागरथाने, तोंडाला पदर लावला, तेव्हा मला कळलं की अंगठा जागचा हललाच नव्हता.

"ही उसण नाही," डॉक्टर म्हणाले. "याला स्लिप डिस्क म्हणतात."

दोन मणक्यांच्या मधे एक मऊ गादी असते. ती फुटून तिचा गर मागे सरकतो आणि पायात जाणाऱ्या नसेवर दाब देतो. "पुरणपोळी लाटताना कड फुटून पुरण बाहेर येतं ना, तसं," त्यांनी समजावलं. पुढचा सण मी पुरणपोळीशिवाय काढला.

मला दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. कारण मी पायाळू. आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेला. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आपल्याकडे लेकराला देखील ठाऊक असतं. चांदा जिल्ह्यात मूल गावाजवळच्या ज्या खेड्यात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो, तिथे माझ्या शिकवण्यापेक्षा माझ्या उजव्या पायाचं नाव मोठं होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, वाकून वाकून कमरा धरल्या की शाळेच्या ओसरीवर माणसं ओणवी उभी राहत. "गुर्जी, लात मारा जी!" लात हे आपलं म्हणायला, मी तळवा नुसता टेकवत असे आणि लगेच हात जोडत असे, कारण माणसाला पाय लावणं पापच. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, पण मालगुजाराचा दरारा गेला नव्हता. त्यांनाही मी दोनदा लात मारली आहे. पंचक्रोशीत हा मान दुसऱ्या कुणाला नव्हता.

आणि आता माझीच कंबर धरली होती. आपली लात आपल्या कमरेला कशी लागणार!

सुरुवात साधी होती. धानाचं पोतं सरकवताना कमरेत कट् झालं. मी शेक घेतला, तेल चोळलं, दुसऱ्या एका पायाळूला बोलावून लात खाल्ली. मग कळ कुल्ल्यातून पोटरीत उतरली. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे चमकत. तेही मी सोसलं. पण एक दिवस शाळेत पोचलो तर पोरं फिदीफिदी हसायला लागली. माझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठे गळली याचा उजव्या पायाला पत्ता नव्हता. पोरांबरोबर मीही हसलो. घरी येऊन मात्र मी दार लावून घेतलं आणि पाय चिमटून पाहिला. अंगठ्याजवळ काहीच लागत नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाची कंबर दुखत असेल तर एवढं लक्षात ठेवा. दुखणं वाईट खरं, पण न दुखणं त्याहून वाईट.

हे डॉक्टर नागपूरचे, हाडांचे; चांद्याला अधूनमधून येत. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, फळीवर निजून राहायचं, पायाला वजन लटकवायचं, मग कमरेला प्लास्टर. दुसरी, ऑपरेशन. मणक्याच्या मागचं थोडं हाड कापून आत शिरायचं आणि गादीचा सुटलेला तुकडा काढून टाकायचा. याला लॅमिनेक्टॉमी म्हणतात. तिसरी, तुकडा काढून वर फ्यूजन, म्हणजे कुल्ल्याच्या हाडाचा तुकडा बसवून ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडायचे. त्यात कमरेला मजबुती येईल, पण त्या ठिकाणी ती वाकणार नाही आणि महिनोन्‌महिने पडून राहावं लागेल.

"आणि पाय?" मी विचारलं.

"नुसत्या दुखण्यासाठी मी तुम्हाला फळीवर निजा म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण पायातली शक्ती जात चालली आहे. नस जितकी जास्त दिवस चेपलेली राहील तितकी शक्ती परत येण्याची आशा कमी. ऑपरेशन केलं तरी मी हमी देणार नाही."

हमी देणार नाही, हे इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मला आवडला. तरी मी विचार करतो म्हणून घरी परतलो.

गावात विचार करायला मी एकटा थोडाच होतो! आमच्या ओसरीवर सभाच भरली. शेजारचा डोमाभाऊ, ज्याची उसण मी दर पावसाळ्यात काढत असे, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आमचीच उसण तुमच्यात जाऊन बसली, गुर्जी. गावभराची एकट्यानं घेतली तुमी." कुणाचं म्हणणं पडलं की फळीवरच निजावं, पाठ फाडली की पायातला गुण निघून जाईल. मग गावाने कोणाकडे जावं? खरं सांगतो, या बोलण्याने मीही डळमळलो. त्या गुणाशिवाय मी कोण, एक साधा मास्तर.

भागरथा आतून ऐकत होती. ती उंबऱ्यावर आली. "गुण गेला त जाऊ द्या," ती म्हणाली. "मले पाय पायजे. त्याइचा पाय. लात माराले नाई, चालाले." मग सभा उठली.

मी दुसरी वाट धरली. तिसरीत मजबुती होती, पण महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या मास्तराला शाळा कुठवर वाट बघणार? आणि डॉक्टरांचंही मत दुसऱ्या वाटेकडेच झुकत होतं. ही माझी निवड. तुमची वेगळी असू शकेल. डॉक्टरांना विचारा, ओसरीवरच्या सभेला नको.

बैलबंडीचे धक्के मला सोसत नव्हते, म्हणून डोमाभाऊने आणखी तिघांना घेऊन खाट खांद्यावर घेतली आणि शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने मला मूलच्या स्टेशनावर नेलं. चारही खांदे माझ्या लाता खाल्लेले. निघताना भागरथा ओरडली, "डोस्कं पुढं करा जी! पाय पुढं ठेवून कोणाले नेतेत, ठावं नाई का?" खाट वळवली गेली. डोमाभाऊ म्हणाला, "येतानी पाय पुढं करून आले, बाई. जातानी आमी नाई जाऊ देत." मी निजल्या निजल्या हसलो आणि कळ मस्तकात गेली.

छोट्या गाडीने नागभीड, तिथे गाडी बदलून नागपूर. तिथे मायलोग्राम झाला, म्हणजे पाठीत सुई टोचून औषध सोडतात आणि टेबल तिरपं करून ते कुठे अडतं ते एक्स-रेत पाहतात. त्या दिवशी डोकं फार दुखलं. माझी पाळी येईपर्यंत वॉर्डात पडून छताच्या कड्या मोजण्याखेरीज काम नव्हतं. भागरथा व्हरांड्यात तीन दगडांवर भात शिजवी आणि दुसऱ्यांच्या रोग्यांनाही वाढी. ऑपरेशनच्या दिवशी ईथरचा उग्र गोड वास आला आणि मी आकडे म्हणता म्हणता विझलो.

शुद्धीवर आलो तेव्हा पाठ जळत होती, पण पायातली ती कळ नव्हती. नव्हतीच! मी रडलो. वर्षभर ज्या कळेने मला नीट बसू दिलं नव्हतं, ती गेली होती. अंगठा मात्र होता तसाच बधिर. डॉक्टर म्हणाले, "नस हळू शिकते, गुरुजी. तुमच्या पोरांसारखी."

घरी परतल्यावर ओझं उचलणं बंद, वाकणं बंद. डोमाभाऊच्या घरून कितीतरी दिवस पाण्याच्या गुंड्या, म्हणजे घागरी, भरून येत होत्या. त्या माणसांचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार? लोक लात मागायला येत, तेव्हा मी आधी त्यांना अंगठा वर करायला लावी. ज्याचा वर होत नसे त्याला चांद्याची वाट दाखवी. ते मी अजून करतो.

तपासणीसाठी चांद्याला गेलो ती दिवाळीनंतरची गोष्ट. अंगठा आता किंचित वर होत होता, पण चप्पल पायात आहे की नाही ते मला बघूनच ठरवावं लागे. डॉक्टरांनी टाचणी टोचली, लागत नाही असं मी म्हणालो. त्यांनी टाचणी ठेवून दिली. मग ते स्वतःच्या कमरेवर हात ठेवून उठले.

"आठवडाभर टेबलावर वाकून वाकून चमक भरली आहे," ते म्हणाले. "तुमच्या लातेचं आणि अंगठ्याचं तुम्ही धाडलेल्या रोग्यांनी सांगितलंय. अंगठा वर होतो माझा, मी पाहिलं. तुम्ही पाय लावता का?"

"डॉक्टरसाहेब, थट्टा करता गरिबाची."

"लावा हो," म्हणत ते खरंच माझ्यापुढे पाठ करून ओणवे झाले.

भागरथाने मला खुर्चीवर सरळ बसवून पाय उचलायला आधार दिला. मी तळवा त्यांच्या पांढऱ्या कोटावर टेकवला आणि सवयीने हात जोडले. जोडलेले हात तसेच राहिले. डॉक्टर सरळ होऊन मागे वळले तरी मी पाय खाली घेतला नव्हता.

"काऊन रडून राह्यले जी?" भागरथाने घाबरून विचारलं. "कुठी दुखलं?"

"शिवण," मी म्हणालो. "कोटाची शिवण लागली अंगठ्याला."